सव्वा मूठ

मंजुळाबाईंनी मॉनिटरवरचा विणलेला रुमाल काढला, त्याची घडी करून मांडीवर ठेवली आणि उजव्या हाताच्या एका बोटाने आधी धनसिंगच्या नावाच्या कळा दाबल्या, मग त्याच्या गुप्त शब्दाच्या. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. कोणत्या कळीनंतर कोणती, एवढं बोटाला ठाऊक होतं. कडेची मोठी कळ दाबून त्या थोड्या मागे सरल्या. पडदा हिरवा झाला. खाली राखाडी पट्टी आली, पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात एक पाऊल उमटलं, आणि पापणी लवते न लवते तोच सगळं पुसलं गेलं. पुन्हा नाव विचारणारी ती चौकट समोर आली.

“दख,” त्या म्हणाल्या. “येवढंच दिसस. मंग निंघी जास.”

चुडामणच्या खांद्यावर अजून पिशवी होती. धुळ्याहून आलेल्या बसमधून उतरून तो थेट घरी आला होता. पाणीसुद्धा प्यायचं राहिलं होतं. तो वाकून पडद्याकडे बघत राहिला.

“रोज करता तुम्ही हे?”

उत्तर दिलं ते बाजेवर बसलेल्या झुलाल नानांनी, मंजुळाबाईंच्या नवऱ्याने.

“रोज. तीनला वीज आली की. तीन महिने झाले.” मग विषय बदलावा म्हणून त्यांनी चुडामणला आपादमस्तक न्याहाळलं. “तू किती वाळलास रे? धुळ्याच्या खानावळीत भाकरी दाखवतात फक्त, का खाऊही देतात?”

चुडामण हसला आणि पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसला.

श्रावणातला शुक्रवार होता. नागपंचमी होऊन गेली होती आणि परवा, रविवारी, खानदेशातली कुळाची देवी कानबाई बसणार होती. त्याआधी, म्हणजे उद्या सकाळी, पारोळ्याच्या या घरात रोटाचे गहू मोजले जायचे होते. भाऊबंदांत हे थोरलं घर. पिढ्यान्‌पिढ्या गहू इथेच मोजले जात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ: एक भरली मूठ आणि वर तिची चौथाई. घरातल्या कर्त्या माणसाने नाव पुकारायचं, कर्त्या बाईने मूठ टाकायची. मग ते गहू दळून रोट व्हायचे, आणि ते कुळाबाहेर जात नसत. ज्याच्या नावाचा रोट, त्याने त्यातला घास खायचाच. उरवायचा नाही, टाकायचा नाही, परक्याला द्यायचा नाही. म्हणून नावांत चूक चालत नसे. वर्षभरात जन्मलेल्याचं नाव यादीत चढे आणि गेलेल्याचं उतरे.

धनसिंग, मंजुळाबाई आणि नानांचा धाकटा मुलगा, मार्गशीर्षात गेला होता. कावीळ झाली, अकरा दिवस धुळ्याच्या दवाखान्यात होता, बाराव्या दिवशी त्याला घरी आणलं ते तसंच. वय सत्तावीस. पॉलिटेक्निकात शिकवत होता. चुडामण त्याच्याबरोबर शिकवायचा आणि त्याच्याच खोलीत राहायचा.

गेल्या वर्षीची यादी धनसिंगने केली होती. नावांची जुनी चोपडी वाळवीने खाल्ली, तेव्हा तो महिनाभर रविवारी घरोघर फिरला, म्हाताऱ्यांना विचारून एकसष्ट नावं गोळा केली आणि धुळ्याला नेऊन आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातली. तिथून उतरवून आणलेला कागद वाचायला गेल्या वर्षी तोच उभा राहिला होता. भिकुबाई, मंजुळाबाईंची चुलत जाऊ, तेव्हा म्हणाली होती की आता देवीसुद्धा इंग्रजीत हजेरी घ्यायला लागली. बायका पोट धरून हसल्या होत्या. तो कागद मग रीतीप्रमाणे कानबाईबरोबर पाण्यात गेला. आता यादी होती ती फक्त या मशीनमध्ये, धनसिंगच्या नावामागे.

आणि ते नाव उघडत नव्हतं.

नानांनी चुडामणला पत्रात एवढंच लिहिलं होतं की यादी हवी आहे. पत्रात न लिहिलेली गोष्ट घरात आठ दिवस धुमसत होती. या वर्षी धनसिंगचं नाव उतरणार, हे भाऊबंदांत सगळ्यांनी धरून चाललं होतं. भिकुबाईने तर येऊन सुचवलंही, की या वेळी मोजायला मी बसते, तुम्हाला जड जाईल. मंजुळाबाईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं की मीच बसेन. ती गेल्यावर त्या नानांना म्हणाल्या होत्या, की मशीनमध्ये त्याचं नाव आहे, ते नाव घातल्याशिवाय मशीन आत घेत नाही. तिथे आहे तोवर इथूनही काढायचं नाही. नानांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर असे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

चुडामण कामाला लागला. त्याने दोनतीन कळा एकदम दाबल्या, तसा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली. मंजुळाबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या.

“यादी पाहिजे तर ती इथूनच वाचता येईल, नाना,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “त्याच्या फायली सगळ्या जागेवर आहेत. यादीला काही झालेलं नाही.”

नानांनी सुटकेचा श्वास सोडला. “मग झालं तर.”

“आधी पडदा,” मंजुळाबाई म्हणाल्या.

चुडामणने मान हलवली आणि पुन्हा धनसिंगचं नाव घातलं. हिरवा रंग, पट्टी, पाऊल. गेलं. त्याने काळ्या पडद्यावर जाऊन काहीतरी वाचलं, एक फाईल बाजूला केली, पुन्हा नाव घातलं. हिरवा रंग, पट्टी, पाऊल. गेलं.

“आखो एक डाव कर,” मंजुळाबाई म्हणायच्या, आणि तो करायचा. त्याला वाटत होतं, मावशींना पडदा दुरुस्त व्हायची घाई आहे.

त्यांना तशी घाई नव्हती. त्या पावलाकडे बघत होत्या.

हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. धनसिंग गेला त्या रात्री घरात रीतीप्रमाणे परातीत पीठ पसरून ठेवलं होतं, शेजारी दिवा, वर टोपली. सकाळी टोपली उचलून बघायचं. गेलेला माणूस कोणत्या वाटेने गेला ते पिठावर उमटतं म्हणतात. कोणाला गाईचं खूर दिसतं, कोणाला पाखराचा पंजा. मंजुळाबाईंच्या सासऱ्यांच्या वेळी सगळ्यांना स्पष्ट नागाची वळवळ दिसली होती. धनसिंगच्या पिठावर काहीच नव्हतं. रात्री हाताने सारखं केलं तसंच ते सकाळी होतं, जसंच्या तसं. बायका परातीभोवती वाकून बराच वेळ शोधत राहिल्या. शेवटी भिकुबाई म्हणाली, एखाद्याचं नाही उमटत. आणि मग सांत्वन म्हणूनच, पण म्हणून गेली, की तरुण जीव, त्याची वाट लवकर सुटत नाही.

ते वाक्य मंजुळाबाईंच्या आत जाऊन बसलं ते बसलंच. भाकरी थापताना, पाणी भरताना त्यांना ती कोरी परात दिसायची. कुठे गेला असेल? की गेलाच नाही?

महिन्याभराने चुडामण धनसिंगचं सामान घेऊन आला. कपडे, पुस्तकं, स्टोव्ह, आणि हा कॉम्प्युटर. त्याने तो पुढच्या खोलीत टेबलावर जोडून दिला, धनसिंगच्या नावाने चालू केला आणि नानांना काय काय आहे ते दाखवू लागला. मंजुळाबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. पडद्यावर हिरवा रंग होता, कोवळ्या कपाशीसारखा. आणि खाली डाव्या कोपऱ्यात पाऊल होतं. एकच, काळसर, अनवाणी. बोटं चारच होती, पण पिठावरचे ठसे तरी कुठे पुरे असतात?

त्यांनी कप ठेवले आणि चुडामणला एवढंच विचारलं की हे मशीन मला चालू करता येईल का. त्याने दुपारभर बसून त्यांना कळा शिकवल्या. नानांना कौतुक वाटलं. या वयात शिकतेय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मंजुळाबाई रोज दुपारी वीज आली की मशीन लावायच्या, हात मांडीवर ठेवून समोर बसायच्या आणि कशाला हात लावायच्या नाहीत. मेलेल्या पोराच्या मशीनपुढे बसून बाई करते काय, असं गल्लीत कोणीतरी बोललं, तेही त्यांच्या कानावर आलं. त्या बसत राहिल्या. कोरी परात दिसायची थांबली होती.

पुढे वैशाखात चुडामण सुट्टीवर आला. धनसिंगच्या सामानात एक सीडी निघाली होती. पाकिटावर त्याच्या हातचं लिहिलेलं होतं, ‘दिवाळीत टाकायची’. मशीन ज्यावर चालायचं त्या लिनक्सची नवी आवृत्ती. त्याची दिवाळी तापात गेली. चुडामणच्या मनात आलं, मित्राचं राहिलेलं काम आपण पुरं करावं. त्याने सीडी घातली. दीडएक तास चाललं आणि मध्येच पडदा कोसळला. तेव्हापासून हे असं.

आता त्याने काळ्या पडद्यावरची अक्षरं बराच वेळ वाचली आणि हात कळांवरून काढून घेतले.

“मावशी, एक सांगायचं राहिलंय.”

त्या स्टुलावरच त्याच्याकडे वळल्या.

“वैशाखात मी म्हणालो होतो, सीडीत दोष असेल. सीडी चांगली होती. हे काम पडदा बंद करून करायचं असतं. आधी बाहेर पडायचं, मग या काळ्या पडद्यावरून सगळं बदलायचं. चालत्या गाडीचं चाक काढत नाहीत, आधी बैल सोडतात. धनसिंग वर्गात पोरांना हेच सांगायचा.” तो थांबला. “मी चालत्या गाडीचं काढलं.”

मंजुळाबाईंना तो दिवस आठवला. चुडामण म्हणाला होता, मावशी, आता हा पडदा थोडा वेळ बंद करावा लागेल. त्या स्टुलावरच बसल्या होत्या. राहू दे, मी बसलेय ना, असं त्या म्हणाल्या होत्या. तो क्षणभर घुटमळला होता आणि मग बरं म्हणाला होता.

“मीच सांगेल व्हतं तुले,” त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे म्हनीसन.”

“तुम्हाला काय माहीत? मला माहीत होतं.”

“तुले माहीत व्हतं, मंग काब्र ऐकं मनं?”

चुडामण टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“तो गेल्यापासून तुम्ही माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलंत.”

बाजेवर नाना खोकले आणि उठून बाहेर गेले. ओट्यावरून त्यांनी थोरल्या मुलाला, वनाला, उगाचच हाक मारली आणि गहू चाळणीतून काढलेत का विचारलं. गहू सकाळीच काढून झाले होते.

चुडामणने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. “आता दोष मशीनमध्ये आहे की त्याच्या सामानात, तेवढं बघू,” तो म्हणाला. “एक नवीन नाव तयार करतो. ते नाव नीट उघडलं तर मशीन चांगलं. मग अडचण फक्त त्याच्या जुन्या मांडणीत.”

त्याने काळ्या पडद्यावर काही लिहिलं, परत चौकटीवर आला आणि नवं नाव घातलं. पडदा निळा झाला. खाली पट्टी आली. डाव्या कोपऱ्यात पाऊल आलं. मंजुळाबाईंचा हात नकळत टेबलाच्या कडेवर गेला. आता जाईल म्हणून त्या वाट बघत होत्या. पडदा गेला नाही. पट्टी जागेवर राहिली, घड्याळ चालू झालं, पाऊल तिथेच.

“चला, मशीन चांगलंय,” चुडामण म्हणाला.

“हाऊ कोना पडदा शे?”

“कोणाचाच नाही. चाचणीपुरतं एक खोटं नाव घातलं. नंतर पुसून टाकायचं.”

“आनि पाय?”

“कसला पाय?” त्याने बघितलं. “ते होय. खूण आहे ती, मावशी. ज्यांनी हे सगळं बनवलं, त्यांची. ते दाबलं की कामांची यादी उघडते, हे बघा. सगळ्यांच्याच पडद्यावर असतं ते.”

“बठ्ठासना?”

“सगळ्यांच्या. आमच्या पॉलिटेक्निकात वीस मशीन आहेत, विसांवर हाच पाय.”

मंजुळाबाईंनी अगदी हळू विचारलं,

“जित्ता मानसंसना बी?”

चुडामणला प्रश्न कळला नाही. पण उत्तर सोपं होतं.

“हो. माझ्यासुद्धा.”

मांडीवरची रुमालाची घडी त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्या आत गेल्या.

स्वयंपाकघरात रोटाच्या गव्हाची नवी टोपली पाटावर ठेवलेली होती. तिच्यावर धुतलेलं फडकं होतं. मंजुळाबाईंनी फडकं बाजूला केलं, सुपात थोडे गहू घेतले आणि निवडायला बसल्या. दोनदा निवडून झालेले गहू, त्यात खडा ना काडी. त्या एकेक दाणा सुपाच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला सारत राहिल्या. धनसिंग लहान होता तेव्हा पावसात अंगणात पळायचा आणि तसाच घरात यायचा. सारवलेल्या जमिनीवर दारापासून चुलीपर्यंत ओली पावलं. त्या ओरडायच्या आणि पुन्हा सारवायच्या. किती वेळा सारवली असतील, कोण मोजतं.

पुढच्या खोलीतून आवाज येऊ लागला. नाना परत आत आले होते. यादी उतरवून घ्यायची होती. चुडामण पडद्यावरची इंग्रजी अक्षरातली नावं वाचत होता आणि नाना नव्या वहीत मराठीत लिहीत होते. मास्तरकीचं अक्षर. प्रत्येक नावानंतर ते हुं म्हणायचे, की चुडामण पुढचं वाचायचा. नाव, हुं. नाव, हुं. एका लयीत चाललं होतं.

“झुलाल कौतिक.”

“हुं.”

“वना झुलाल.”

“हुं.”

मग काहीच आलं नाही. मंजुळाबाईंचं बोट एका दाण्यावर थांबलं.

“वाच,” नाना म्हणाले.

“नाना, तुम्ही म्हणाल तर…”

“यादीत आहे ते वाच. कमीजास्त करणं तुझं काम नाही.”

“धनसिंग झुलाल.”

आत बसूनही मंजुळाबाईंना ऐकू आलं, की नाना लिहीत आहेत. निब कागदावर घासत होती, प्रत्येक अक्षर सुटं, शाळेच्या दाखल्यावर लिहावं तसं. लिहून झालं. आता खोडतील, या आवाजाची त्या वाट बघत राहिल्या. तो आवाज आला नाही.

“हुं,” नाना म्हणाले.

चुडामणने पुढचं नाव वाचलं.

वीज जायच्या आधी त्याने मंजुळाबाईंना हाक मारली. धनसिंगची जुनी मांडणी त्याने एका बाजूला उचलून ठेवली होती. पुसली नव्हती, हे त्याने दोनदा सांगितलं. आता पडदा त्याच्या नावाने उघडला होता आणि उघडाच होता. मंजुळाबाई पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. पडदा त्या खोट्या नावासारखाच निळा होता.

“हिरवा करून देऊ? होता तसाच होईल. एका मिनिटाचं काम.”

“नको.”

त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच बघत राहिल्या, परक्या गावात कोणाच्या तरी दारात उभं राहावं तशा.

“आते निंघी जात नही ना?”

“नाही. आता राहील. आपण बंद करेपर्यंत राहील.”

“मंग बंद कर.”

चुडामण पट्टीवरच्या पावलापाशी गेला, त्यातून कामांची यादी उघडली, तिच्यातली सगळ्यात खालची ओळ दाबली. पडद्याने विचारलं, खरंच बाहेर पडायचं का? त्याने मान वळवून मंजुळाबाईंकडे बघितलं. त्यांना ती ओळ वाचता येत नव्हती, पण काय विचारलं असेल ते कळलं असावं. त्यांनी मान हलवली. आधी घड्याळ गेलं, मग पट्टी, मग रंग. सगळं एकापाठोपाठ एक, कसलीही घाई न करता. तीन महिने त्यांनी पडदा कोसळताना बघितला होता. असा जाताना पहिल्यांदा बघितला.

“असं बी जास का,” त्या म्हणाल्या, आणि दिवाबत्ती करायला आत गेल्या.

सकाळी आठच्या आत ओसरी भरली. बायका भिंतीला टेकून बसल्या, पुरुष ओट्यावर. पाटाभोवती रांगोळी होती. गव्हाच्या टोपलीला हळदकुंकू लावलेलं होतं आणि शेजारी मोकळं, मोठं पितळी पातेलं. चुडामण कुळाबाहेरचा, म्हणून अंगणात कडुनिंबाखाली खुर्चीवर बसला होता. भिकुबाई मंजुळाबाईंना अगदी लागून बसली. हात थरथरला तर धरता यावा म्हणून, की मूठ कुठे पडते ते बघावं म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक. रात्रीच तिच्या कानावर आलं होतं की वहीत नाव आहे.

नानांनी वही उघडली. वना त्यांच्याशेजारी बसला होता. नाना नाव वाचायचे, मंजुळाबाई टोपलीतून मूठ भरायच्या, पातेल्यात सोडायच्या, मग वरची चौथाई चार बोटांत घेऊन टाकायच्या. पितळेवर गहू पडल्याचा आवाज सुरुवातीला मोठा येत होता, मग गव्हावर गहू पडू लागले तसा मऊ झाला. भाऊबंदांतल्या एका नव्या जन्मलेल्या मुलाचं नाव आलं तेव्हा त्याची आजी लाजली आणि बायकांनी तिला कोपराने ढोसलं. कोणीतरी म्हणालं, ह्याला दात यायच्या आधी रोट. हसणं झालं. नाना थांबले, हसणं ओसरू दिलं आणि पुढे वाचू लागले.

“झुलाल कौतिक.” स्वतःचं नाव त्यांनी इतरांसारखंच वाचलं. गहू पडले.

“वना झुलाल.” गहू पडले.

एका बाईने मांडीवरच्या पोराचा हात धरून ठेवला.

“धनसिंग झुलाल,” नानांनी वाचलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. वर्गात गैरहजर मुलाचंही नाव घ्यावंच लागतं, तसं.

मंजुळाबाईंची मूठ टोपलीतून भरून वर आली होती. ती पातेल्यावर गेली आणि तिथे थांबली. बोटांच्या फटीतून एकदोन दाणे निसटले, तर त्यांनी दुसरा हात खाली धरून ते झेलले. भिकुबाईने मान खाली घातली.

मंजुळाबाईंनी हात मागे घेतला. टोपलीवर आणला आणि मूठ उघडली. गहू गव्हात पडले, आवाज झाला नाही. झेललेले दोन दाणेही त्यांनी तिथेच सोडले. तळवा एकदा पदरावरून फिरवला.

“पुढलं नाव ल्या,” त्या म्हणाल्या.

नाना वहीत बघत होते. पान तेच होतं, अक्षर त्यांचंच होतं, पण पुढची ओळ त्यांना सापडेना. चष्म्याच्या काचा त्यांनी पुसल्या नाहीत. वनाने हात पुढे केला आणि बोट वहीवर ठेवलं, एक ओळ खाली.

“चिंधा तोताराम,” नानांनी वाचलं.

मंजुळाबाईंनी मूठ भरली.